ज्यूरी मनाला येईल तो आकडा लिहू शकते का? न्यायाधीशाचा ताबा कुठे चालतो आणि कुठे संपतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकहून न्यू जर्सीला मुलाकडे आलेल्या आई सुपरमार्केटमध्ये ओल्या फरशीवरून घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. दुकानावर दावा झाला, तडजोड फिसकटली, आता सुनावणी ज्यूरीपुढे होणार आहे. मुलगा विचारतो: "कायद्याचा गंध नसलेली सहा-आठ माणसं पैशांचा निकाल देणार आणि जज्ज नुसते बघत बसणार का? ज्यूरीच्या मनात आलं तर शून्य, मनात आलं तर लाखो डॉलर, असंच असतं का? कॉफी सांडली म्हणून लाखो डॉलर देणारी ज्यूरी याच देशातली ना?"

मी न्यू जर्सीत राज्याच्या आणि फेडरल (म्हणजे केंद्राच्या) अशा दोन्ही कोर्टांत दिवाणी खटले चालवतो, त्यामुळे उत्तर इथल्याच पद्धतीचं देतो. दुसऱ्या राज्यात तपशील बदलतात, सांगाडा साधारण हाच राहतो.

ज्यूरीला मनाला येईल ते करता येत नाही. पण जज्ज तिला आवरतात ते लोक समजतात तसं निकाल लागल्यावर नव्हे, त्याच्या बऱ्याच आधी. ज्यूरीला काय दिसेल, काय दिसणार नाही, आणि शेवटी तिच्या हातात कोणत्या प्रश्नांचा कागद पडेल, हे सगळं जज्जच्या हातात असतं. चर्चेच्या खोलीचं दार बंद झालं की मात्र आत कोण काय बोललं यावर कोर्टाची सत्ता जवळजवळ संपते. ही रचना जाणूनबुजून तशी केलेली आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेची सातवी दुरुस्ती 1791 सालची. 20 डॉलरपेक्षा मोठ्या दाव्यात ज्यूरीचा हक्क अबाधित राहील असं ती सांगते (तो 20 चा आकडा आजही तसाच आहे). पुढे ती असंही सांगते की ज्यूरीने ठरवलेली वस्तुस्थिती कॉमन लॉच्या (इंग्लंडमधून आलेल्या, कोर्टांच्या निकालांतून घडलेल्या कायद्याच्या) नियमांबाहेर जाऊन कोणत्याही कोर्टाने पुन्हा तपासायची नाही. ती दुरुस्ती फेडरल कोर्टांना बांधते. न्यू जर्सीच्या राज्यघटनेत ज्यूरीच्या हक्काचं वेगळं कलम आहे.

मुळात प्रत्येक दावा ज्यूरीपुढे जातच नाही. ज्यूरी हवी असेल तर मुदतीत लेखी मागावी लागते: फेडरल कोर्टात शेवटचं कैफियतीचं कागदपत्र बजावल्यापासून 14 दिवस, न्यू जर्सीत 10. मुदत हुकली तर हक्क सोडला असं धरतात. मनाईहुकूम मागायचा असेल तर तो जज्जच देतात, ज्यूरी नाही. आणि पुराव्यात खरा वादच नसेल, तर समरी जजमेंटवर, म्हणजे पूर्ण सुनावणीशिवाय जज्जनीच दिलेल्या निकालावर, प्रकरण तिथेच निकाली निघतं. फेडरल कोर्टात दाखल होणाऱ्या दिवाणी प्रकरणांपैकी ज्यूरीच्या निकालापर्यंत पोहोचणारी प्रकरणं शंभरात एकही नसतात. तुमचं प्रकरण इथवर आलंय म्हणजे एक मोठी चाळणी ते आधीच पार करून आलंय.

ज्यूरी निवडताना काय होतं ते थोडक्यात. न्यू जर्सीच्या दिवाणी खटल्यात निकाल सहा जण देतात. कोणी आजारी पडलं तर अडू नये म्हणून सुरुवातीला सात-आठ बसवतात. जज्ज प्रत्येकाला प्रश्न विचारतात. तुम्ही किंवा घरच्या कोणी दुखापतीचा दावा केला आहे का? लोक उगाच दावे ठोकतात असं वाटतं का? ज्याचा कल उघड दिसतो त्याला जज्ज काढतात, त्याला संख्येची मर्यादा नाही. शिवाय कारण न देता काही जणांना वगळण्याची मुभा दोन्ही बाजूंना असते: न्यू जर्सीत सहा, फेडरल कोर्टात तीन. मात्र 'कारण न देता' याचा अर्थ कोणत्याही कारणाने असा नाही. वंशावरून ज्यूरर (ज्यूरीतला माणूस) वगळता येत नाही हा फौजदारी खटल्यांतला नियम अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1991 साली दिवाणी खटल्यांनाही लावला आणि 1994 साली स्त्री-पुरुष भेदालाही. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या भारतीय वस्तीच्या आसपासच्या कोर्टात ज्यूरर म्हणून पटेल, रेड्डी, कुलकर्णी येतच असतात. समोरच्या वकिलाने एकामागून एक भारतीय नावं खोडायला सुरुवात केली, तर तुमच्या वकिलाने तिथल्या तिथे उठून हरकत घ्यायला हवी. ज्यूरीने शपथ घेतल्यावर ती वेळ गेलेली असते.

आता पुराव्याकडे येऊ. इथे जज्जचा हात किती लांब पोहोचतो हे पक्षकारांच्या सहसा लक्षात येत नाही, कारण हे काम सुनावणीआधी, ज्यूरीच्या अपरोक्ष होतं. आई पडल्यावर दुसऱ्याच दिवशी दुकानाने तिथे रबरी मॅट टाकली आणि पिवळा फलक लावला, असं तुम्ही लिहिलंय. तुम्हाला तो सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो. दुकानाचा निष्काळजीपणा सिद्ध करायला तो चालणार नाही. अपघातानंतर केलेली सुधारणा अंगाशी येणार असेल तर कोणी सुधारणाच करणार नाही, असा त्यामागचा विचार आहे. दुकानदाराने 'इथे मॅट टाकणं शक्यच नव्हतं' असा पवित्रा घेतला तर गोष्ट वेगळी, मग तेच दार उघडतं. दुकानाचा विमा आहे हे निष्काळजीपणा दाखवण्यासाठी सांगता येत नाही. तडजोडीत त्यांनी किती देऊ केले होते तेही सांगता येत नाही. तज्ज्ञ डॉक्टर किंवा इंजिनिअर साक्षीला उभा राहण्याआधी त्याचं मत कशावर उभं आहे हे जज्ज तपासतात. पाया कच्चा असेल तर ज्यूरीला तो माणूस दिसतसुद्धा नाही. फेडरल कोर्टांत ही राखणदारी 1993 पासून जज्जवरच आहे, आणि डिसेंबर 2023 मध्ये नियम आणखी स्पष्ट करून ती जास्त कडक केली.

काही पुरावा अर्धा आत येतो. समजा, त्याच ठिकाणी दोन महिन्यांपूर्वी आणखी एक गिऱ्हाईक पडलं होतं. दुकानाला धोक्याची कल्पना होती एवढ्यापुरता तो अहवाल दाखवता येईल, पण 'हे नेहमीचेच निष्काळजी' असं म्हणायला नाही. मग जज्ज ज्यूरीकडे वळून सांगतात की हा कागद अमुक एका गोष्टीसाठीच विचारात घ्या. माझं स्पष्ट मत सांगतो: या मर्यादेच्या सूचनेवर माझा फारसा विश्वास नाही. माणसाच्या डोक्यात असे कप्पे नसतात. कित्येकदा सूचना दिल्यानेच तो कागद ठळक होतो. म्हणून अनुभवी वकील काही वेळा हक्क असूनही ती मागत नाहीत, गप्प बसतात. तुमचा वकील एखाद्या ठिकाणी हरकत न घेता बसून राहिला तर लगेच त्याला दोष देऊ नका, जेवणाच्या सुट्टीत कारण विचारा.

साक्षीपुरावे संपले की चार्ज येतो, म्हणजे ज्यूरीला कायदा काय आहे ते जज्जनी समजावून सांगणं. पक्षकार या वेळी कंटाळलेले असतात आणि वकील सगळ्यात जास्त ताणाखाली. चार्ज आयत्या वेळी तोंडी रचत नाहीत. न्यू जर्सीत नमुना चार्जेसचा मोठा संच न्यायव्यवस्थेच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतो. ज्यूरी घरी गेल्यावर दोन्ही वकील जज्जसमोर बसून एकेका परिच्छेदावर भांडतात: हा घ्या, तो वगळा, या वाक्यात 'किंवा' हवं. वर्तमानपत्रवाले तोवर निघून गेलेले असतात. पण मला विचाराल तर अर्धा खटला त्या बैठकीत ठरतो.

हे पोकळ बोलणं वाटू नये म्हणून तुमच्याच प्रकारची दोन प्रकरणं सांगतो. दुकानात पडलेल्या माणसाला साधारणपणे हे दाखवावं लागतं की फरशी ओली असल्याचं दुकानाला ठाऊक होतं, किंवा पुरेसा वेळ ती तशीच असल्यामुळे ठाऊक असायला हवं होतं. पडलेल्या माणसाला हे सिद्ध करणं फार जड जातं, कारण पाणी कधी सांडलं हे पाहायला कोणी घड्याळ लावून बसलेलं नसतं. न्यू जर्सीत याला एक अपवाद आहे. गिऱ्हाइकाने स्वतः माल उचलायचा अशी धंद्याची पद्धतच असेल आणि त्या पद्धतीमुळे माल खाली सांडत असेल, तर 'माहीत होतं का' हे वादीला सिद्ध करावं लागत नाही. आम्ही योग्य काळजी घेत होतो हे दुकानाला दाखवावं लागतं. 1966 साली सुपरमार्केटमध्ये जमिनीवर पडलेल्या शेंगेवरून हा विचार पुढे आला. 2003 साली प्रकरण आलं ते चेकआउटजवळ पडलेल्या एका द्राक्षाचं. खालच्या कोर्टाने ते ज्यूरीपर्यंत जाऊच दिलं नव्हतं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते परत पाठवलं आणि इथे हाच चार्ज लागू होतो असं सांगितलं. पुढे 2015 साली केएफसीच्या एका रेस्टॉरंटचं प्रकरण आलं. पावसाळी संध्याकाळ होती, स्वच्छतागृहाकडे जाताना फरशीवरून एक बाई घसरल्या. जज्जनी वादीच्या सोयीचा तोच चार्ज दिला, ज्यूरीने वादीच्या बाजूने कौल दिला, आणि वरच्या कोर्टात तो निकाल टिकला नाही. कारण त्या घसरण्याचा गिऱ्हाइकाने हाताने माल उचलण्याशी काही संबंध नव्हता. ज्यूरीने काही चूक केली नव्हती. तिला दिलेला कायदाच त्या प्रकरणाचा नव्हता.

म्हणून तुमच्या बाबतीत कळीचा मुद्दा हा की ते पाणी कशाचं होतं. पालेभाज्यांवर फवारा मारतात, तिथून गिऱ्हाईक ओल्या जुड्या उचलून नेताना ठिबकलेलं असेल तर एक चार्ज. फरशी पुसणाऱ्याने ओली ठेवली असेल किंवा छत गळत असेल तर दुसरा. वकिलाने साक्षीदारांना हे विचारून घेतलंय ना, ते आत्ताच बघा.

चार्जमधली चूक दिसली की ज्यूरी विचाराला बसण्याआधी हरकत नोंदवावी लागते, कारणासकट. ती राहून गेली तर अपिलात फक्त ढळढळीत, निकालच फिरवणारी चूक विचारात घेतात. इथले ज्येष्ठ वकील वेळप्रसंगी जज्जना नकोसे होईपर्यंत उठत राहतात ते यासाठीच.

पुराव्याबद्दल जज्ज स्वतःचं मत ज्यूरीला सांगू शकतात का? फेडरल कोर्टात परंपरेने सांगू शकतात, फक्त निर्णय तुमचाच आहे हे बजावून. वॉशिंग्टनसारख्या राज्यात राज्यघटनेनेच ते बंद केलंय. प्रत्यक्षात आजकालचे जज्ज, सवलत असली तरी, ओठ मिटून बसतात. भुवई उंचावली तरी ज्यूरी बघत असते हे त्यांना चांगलं माहीत असतं.

चार्जनंतर ज्यूरीच्या हातात व्हर्डिक्ट शीट जाते. पाच-सहा प्रश्नांचा साधा कागद, पण जज्जच्या हातातलं याहून धारदार हत्यार मला माहीत नाही. 'वादी जिंकला, इतके डॉलर' एवढं एका ओळीत विचारलं तर ज्यूरी त्या आकड्यापर्यंत कशी आली ते कोणालाच कळत नाही. त्याऐवजी प्रश्नांचे तुकडे पाडतात. तुमच्या प्रकरणात पहिला प्रश्न साधारण असा असेल: दुकान निष्काळजी होतं का? उत्तर 'नाही' असेल तर तिथेच थांबा, सही करा, बेल वाजवा. 'होय' असेल तर पुढचा: त्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला का? मग: आई स्वतः निष्काळजी होत्या का? मग दोघांच्या दोषाची टक्केवारी, बेरीज 100. आणि सगळ्यात शेवटी रक्कम, टक्केवारीकडे न बघता पूर्ण. वजाबाकी जज्ज करतात.

टक्केवारीत एक काटा आहे. न्यू जर्सीत आईंचा दोष 50 टक्क्यांपर्यंत ठरला तर तेवढी रक्कम कापून उरलेली मिळते. 51 ठरला तर एक पैसा मिळत नाही. काही राज्यांत हा परिणाम ज्यूरीपासून लपवतात, म्हणजे ती उत्तर आधी ठरवून आकडे मागाहून बसवणार नाही. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली उलटा रस्ता धरला: ज्यूरीला परिणाम सांगा. मला हेच बरोबर वाटतं. न सांगितलं तरी ज्यूरी अंदाज बांधतेच, आणि चुकीचा अंदाज बांधते. फेडरल कोर्टात दोन्ही बाजूंनी वेगळं मान्य केलं नसेल तर एकमत लागतं. इथे राज्याच्या कोर्टात सहापैकी पाच पुरतात, आणि प्रत्येक प्रश्नाला तेच पाच असायला हवेत असंही नाही. दोषाच्या प्रश्नावर विरोधात गेलेला सहावा माणूस रकमेच्या चर्चेत पूर्ण हक्काने बसतो.

या कागदाचं मोल कळण्यासाठी मोंटानामधलं एक प्रकरण जवळून बघण्यासारखं आहे, डाइट्झ विरुद्ध बोल्डिन. गाडीचा अपघात होता. प्रतिवादीने चूक आधीच कबूल केली होती आणि वादीचं 10,136 डॉलरचं वैद्यकीय बिल रास्त असल्याचंही. ज्यूरीने एवढंच ठरवायचं होतं की यापेक्षा जास्त किती. चर्चा चालू असताना आतून चिठ्ठी आली: हे बिल भरलं गेलंय का, आणि कोणी भरलं? जज्जनी दोन्ही वकिलांना विचारून उत्तर पाठवलं की ते तुमच्या विचारात घेण्याचं नाही. थोड्या वेळाने निकाल आला: वादीच्या बाजूने, रक्कम शून्य. जज्जनी आभार मानून ज्यूरीला मोकळं केलं. लोक उठले, बाहेर पडले. काही मिनिटांत जज्जच्या लक्षात आलं की 10,136 कबूल असताना शून्य हा निकाल कायद्याने शक्यच नाही. त्यांनी क्लार्कला पाठवून ज्यूरी परत बोलावली. बहुतेक जण इमारतीतच होते, एक जण बाहेर जाऊन आला होता. कोणाशी प्रकरणाबद्दल बोललात का, असं विचारून खात्री केली, दुसऱ्या दिवशी सुधारलेल्या सूचना दिल्या, आणि नवा निकाल आला: 15,000 डॉलर. मोकळी केलेली ज्यूरी पुन्हा बोलावता येते का, या एका प्रश्नावर हे प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. 2016 साली सहा विरुद्ध दोन मतांनी त्यांनी 'होय' म्हटलं, पण जपून: वेळ किती गेला, ज्यूरर कोणाशी बोलले का, लोकांच्या प्रतिक्रिया त्यांनी पाहिल्या का, हे तपासूनच. न्यायमूर्ती थॉमस यांना ते मान्य नव्हतं. एकदा सुटली की सुटली, असं त्यांचं म्हणणं.

त्या चिठ्ठीतला प्रश्न मी पुष्कळ खटल्यांत ऐकलाय. तुमच्या आईंचं बिल व्हिजिटर इन्शुरन्सने भरलं असेल तर तुमच्या ज्यूरीलाही तो पडेल. न्यू जर्सीत दुसरीकडून मिळालेले असे पैसे बरेचदा निकालानंतर जज्ज वजा करतात आणि ज्यूरीला तो हिशेब दाखवत नाहीत. ज्यूरीने स्वतःच मनात वजा केलं आणि मागून जज्जनीही केलं, तर तुम्ही दोनदा कापले जाल. चार्जमध्ये यावर स्पष्ट वाक्य असावं म्हणून तुमच्या वकिलाने आग्रह धरायला हवा.

आता निकालानंतरचा ताबा. तो आहे, पण जपून वापरतात. पुरावा इतका अपुरा असेल की कोणतीही समंजस ज्यूरी त्यावर असा निकाल देऊच शकत नाही, तर जज्ज ज्यूरीला बाजूला ठेवून स्वतः निकाल देऊ शकतात. फेडरल कोर्टात यासाठी प्रकरण ज्यूरीकडे जाण्याआधी अर्ज करावा लागतो आणि निकालानंतर 28 दिवसांत तोच पुन्हा करावा लागतो. आधी केला नसेल तर नंतरचा उपयोग नाही. हा विचित्र दोन पायऱ्यांचा नियम आला कुठून? 1913 साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ज्यूरीच्या निकालाविरुद्ध निकाल देणं सातव्या दुरुस्तीत बसत नाही. 1935 साली त्याच कोर्टाने पळवाट दिली: आधीच्या अर्जावर निर्णय राखून ठेवला असेल तर चालेल, कारण मग जज्ज जुन्याच अर्जावर उशिरा निर्णय देतात एवढंच. तेव्हापासून नियमातच लिहिलंय की असा प्रत्येक अर्ज राखून ठेवल्याचं समजावं. कायद्यातली ही सोयीस्कर समजूत आजही आम्ही गंभीर चेहऱ्याने पाळतो. 1943 साली एका माजी सैनिकाच्या विम्याच्या दाव्यात सुप्रीम कोर्टाने प्रकरण ज्यूरीकडून काढून घेणं घटनेत बसतं असं सांगितलं. न्यायमूर्ती ब्लॅक यांनी त्यावर कडाडून विरोधी मत लिहिलं.

व्यवहारात शहाणे जज्ज अशा अर्जावर लगेच निर्णय देत नाहीत, आधी ज्यूरीला बोलू देतात. ज्यूरीनेही तेच म्हटलं तर प्रश्नच मिटतो. वेगळं म्हटलं आणि जज्जनी तो निकाल फिरवला, तर अपिलात जज्ज चुकल्यास ज्यूरीचा निकाल तसाच परत लावता येतो, सगळा खटला पुन्हा चालवावा लागत नाही.

दुसरा मार्ग नव्याने सुनावणीचा. तिसरा रक्कम कमी करण्याचा, आणि तुमच्या कॉफीच्या गोष्टीचं उत्तर इथे आहे. 1992, अल्बुकर्की, न्यू मेक्सिको. 79 वर्षांच्या बाईंच्या मांडीवर मॅकडोनाल्डची कॉफी सांडली. कॉफी 180 ते 190 फॅरनहाइट, म्हणजे साधारण 82 ते 88 सेल्सिअस तापमानाला द्यायची अशी कंपनीची पद्धत होती, आणि भाजल्याच्या सातशेच्या आसपास तक्रारी आधी आल्या होत्या. बाईंना त्वचा बदलण्याच्या शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. 1994 साली ज्यूरीने भरपाई 2,00,000 डॉलर ठरवली, त्यात बाईंचा स्वतःचा दोष 20 टक्के धरला, म्हणजे राहिले 1,60,000. वर दंडात्मक भरपाई, म्हणजे कंपनीला धडा शिकवण्यासाठीची रक्कम, 27 लाख डॉलर. बातम्या इथेच थांबल्या. पुढे जज्जनी ती दंडात्मक रक्कम 4,80,000 वर आणली, भरपाईच्या तिप्पट. एकूण 6,40,000. त्यानंतर दोन्ही बाजूंनी आपसात गुप्त तडजोड केली. 27 लाखांची गोष्ट जगभर गेली, जज्जनी कात्री लावल्याची नाही.

कात्री मनमानी चालवता येत नाही. फेडरल कोर्टात जज्ज वादीला म्हणतात: कमी रक्कम स्वीकारा, नाहीतर पुन्हा सुनावणी. उलट दिशेने, म्हणजे तुटपुंजी रक्कम वाढवणं, फेडरल कोर्टात 1935 पासून बंद आहे. न्यू जर्सीसारख्या काही राज्यांत ते चालतं. आणि न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली जज्जना बजावलं की दुसऱ्या खटल्यांतले आकडे किंवा स्वतःचा वकिलीतला अनुभव पुढे करून ज्यूरीचा आकडा कापू नका. या पुराव्यावर तो न्यायबुद्धीला धक्का देणारा आहे का, एवढंच बघा. दंडात्मक भरपाईवर मात्र घटनेचाच लगाम आहे. 2003 साली स्टेट फार्म विमा कंपनीच्या प्रकरणात 10 लाख डॉलर भरपाईवर 14.5 कोटींचा दंड सुप्रीम कोर्टाने उडवला आणि प्रमाण सहसा एक अंकी असावं असं सुचवलं.

आता बंद दाराबद्दल. साउथ डकोटातल्या एका अपघातात मोटरसायकलवाल्याचा पाय गेला आणि तो खटला हरला. नंतर एका ज्यूररने लिहून दिलं की ज्यूरीच्या प्रमुख बाईंनी आत सांगितलं होतं: माझ्या मुलीच्या हातून अपघातात माणूस गेला, तेव्हा कोणी दावा केला असता तर तिचं आयुष्य धुळीला मिळालं असतं. निवडीच्या वेळी मात्र याच बाई मी निष्पक्ष राहीन असं म्हणाल्या होत्या. 2014 साली सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं: आतलं बोलणं पुरावा म्हणून चालणार नाही. त्याआधी 1987 साली एका फौजदारी खटल्यात ज्यूरर जेवणाच्या सुट्टीत दारू पीत होते, अमली पदार्थ घेत होते असं पुढे आलं, तरी उत्तर तेच होतं. बाहेरून आत काही आलं असेल, म्हणजे कोणी धमकी दिली, किंवा ज्यूररने अपघाताच्या जागेबद्दल इंटरनेटवर शोधून इतरांना सांगितलं, तर चौकशी होऊ शकते. म्हणून जज्ज रोज सकाळी तेच तेच विचारतात: कोणाशी बोललात का, फोनवर काही शोधलंत का? त्या कंटाळवाण्या प्रश्नाशिवाय त्यांच्या हातात फारसं काही नसतं.

तुम्ही नानावटी खटल्याचाही (बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याच्या खटल्याचा) उल्लेख केलाय. तो फौजदारी होता, पण ताब्याचा मुद्दा तिथेही हाच होता. 1959 साली मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं, सत्र न्यायाधीशांनी ते न मानता तेव्हाच्या फौजदारी संहितेच्या कलम 307 खाली प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. उच्च न्यायालयात वाद रंगला तो जज्जच्या चार्जमधल्या चुकांवरच. अमेरिकेत निर्दोष ठरवणारा निकाल असा वर पाठवताच येत नाही. आणि दिवाणी बाजूला ज्यूरीसारखं काही मुंबईत आजही आहे: पारशी विवाह आणि घटस्फोटाच्या 1936 च्या कायद्याखाली पारशी समाजातले प्रतिनिधी वस्तुस्थिती बहुमताने ठरवतात, कायद्याचे प्रश्न न्यायाधीश, आणि मतं समसमान पडली तर वस्तुस्थितीही न्यायाधीशच.

तुम्ही काय करावं? वकिलाकडे आत्ताच तीन कागद मागा: चार्जचा मसुदा, व्हर्डिक्ट शीटचा मसुदा, आणि सुनावणीआधी दोन्ही बाजूंनी केलेल्या पुराव्याच्या अर्जांची यादी. व्हर्डिक्ट शीट घरी जेवणाच्या टेबलावर ठेवून तिऱ्हाइताला भरायला सांगा. तो कुठे अडखळतो, कुठे 'थांबा' ही सूचना न वाचता पुढे जातो, ते वकिलाला सांगा.

आणि शून्याची भीती खरंच झोप उडवत असेल तर हाय-लो कराराबद्दल विचारा. दोन्ही बाजू निकालाआधी लिहून ठेवतात की ज्यूरीने काहीही म्हटलं तरी वादीला अमुक एका रकमेपेक्षा कमी मिळणार नाही आणि अमुकपेक्षा जास्त मिळणार नाही. विमा कंपन्यांना हा करार आवडतो, कारण त्यांनाही मोठ्या आकड्याची तेवढीच धास्ती असते. ज्यूरीला याचा पत्ता नसतो. वरची मर्यादा फार खाली ठेवून त्यांनी घाई केली तर सही करू नका. ज्यूरी चर्चेला बसल्यावरही, चिठ्ठ्या येऊ लागल्यावर, हे आकडे हलतात.